सर्व्हर वाढव, म्हटलं होतं मी

माझ्या नवऱ्यानं मला बॅन केलं होतं.

एकाच घरात राहून. माझ्याच हातचं जेवून.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून पाय ठरून नाही राहिले. अंगणात जाते, आत येते, मोबाईल पाहते, उलटा ठेवते. म्हणून लिहून राहिली. चुकलंमाकलं समजून घ्या, मी चौथीपर्यंतच शिकलेली.

तर आमची नात पल्लवी. नागपूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. ते ठोकळ्यांचं गेम असते ना, घरं बांधायचं, शेती करायचं? त्याचा तिनं आमच्या घरापुरता सर्व्हर उभा केला. नातवंडं कोणी छिंदवाड्याला, कोणी पुण्याला, कोणी बोरगावला. सगळी एका जागी खेळतील म्हणून.

ह्यांनी विचारलं, "हे ठेवलं कुठं?"

"क्लाउडवर, आजोबा. कंपनीची मोठी मशीन असते, त्यातला तुकडा आपण भाड्यानं घेतला."

"म्हणजे मक्त्यानं वावर केलं."

"हाव, तसंच."

गुडघ्यांपायी ह्यांचं खरं वावर सुटलं होतं. मग हे त्या वावरात जायला लागले. पल्लवीनं ह्यांना ॲडमिन केलं. कोणाला आत घ्यायचं, कोणाला हाकलायचं, सगळं ह्यांच्या हाती! चहाच्या आधी बॅकअप. पोरांनी कोंबड्या जास्त पाळल्या की सगळं अडकायचं, मग हे फोनवर ओरडायचे, "कोंबड्या कमी करा रे! सर्व्हर धापा टाकून राहिला!"

आमच्या पांढुर्ण्याच्या नदीपलीकडच्या सावरगावचे गुरुजी ह्यांचे दोस्त. तेही यायचे खेळायला. दोघा म्हाताऱ्यांनी आत एक नदी खोदली. हे पांढुर्ण्याच्या काठावर, गुरुजी सावरगावच्या. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमची दोन गावं गोटमारीत काठांवरून दगड मारतात ना, तसे एकमेकांना बर्फाचे गोळे मारायचे! गुरुजी म्हणायचे, "डोकं फुटत नाही बुवा, अर्धी मजा गेली."

असो. कुठं चालली मी.

बॅनचं सांगत होती.

ह्यांनी आत संत्र्याची बाग लावली. त्या गेममध्ये संत्रं नसते म्हणे, तर पल्लवीनं पानांत नारंगी ठोकळे बसवून दिले. रांगा अशा सरळ की पाहत राहावं. एक दिवस मी गेली, माती दिसली कोरडी. टाकली बादलीभर पाणी.

हे खाटेवरून ओरडले, "काहून पाणी टाकलं वं? बाग ताणावर आहे!"

ताण म्हणजे, बहार धरायच्या आधी संत्र्याचं पाणी तोडतात. झाड तहानलं की मग फुलते.

मी म्हटलं, "अहो, ठोकळ्याचं झाड आहे ते!"

"झाड ते झाड."

आणि केलं बॅन. पोरं हसून हसून लोळली. मी पण वरणात तिखट वाढवलं थोडं.

मग एका सकाळी स्वतःच हाक मारली, "ये वं. ताण संपला. दे आता पाणी."

हे गेले, आणि हळूहळू सगळ्यांनीच तिथं जायचं सोडलं. मी जायची कधीमधी. दिवे लागलेले, बाग उभी, माणूस एक नाही. जीव घाबरा व्हायचा. चालू ठेवून करायचं काय?

काल मन घट्ट केलं. पल्लवीला फोन लावला.

पण "बंद कर" तोंडातून निघेना. माझ्या बापाचं सौंसरला किराण्याचं दुकान होतं. शटर ओढताना तो कधी "बंद करतो" म्हणाला नाही. "दुकान वाढवतो" म्हणायचा. दिवाही आपण विझवत नाही, वाढवतो. बंद म्हणणं अशुभ.

म्हणून म्हटलं, "पल्लवी, आजोबांचा सर्व्हर वाढव आता."

"खरंच, आजी?"

"हाव. वर्ष होऊन राहिलं. वाढवून टाक."

"उद्या सकाळीच करते."

आज फोटोला हार घातला, खीर ठेवली गॅसवर, आणि राहवलं नाही. लॉगिन केलं.

कनेक्ट होईना.

पुन्हा केलं. होईना.

गेली बाग. माझ्याच तोंडानं मी तोडली. पल्लवी फोन उचलेना. खीर उतू गेली. फाटकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. शेजारीण म्हणाली, "काय शोधून राहिल्या, काकू?" काय सांगू तिला?

मग पल्लवीचाच फोन.

"आजी, ये ना आत! सगळे तुह्यासाठी थांबून राहिले!"

"आत कुठं? तू वाढवला ना सर्व्हर?"

"हाव ना! मोठी मशीन घेतली, रॅम दुप्पट केली. आता कितीही जण या, कितीही कोंबड्या पाळा. त्याच्यासाठीच थोडा वेळ बंद ठेवला होता."



"अवं माय... मी वाढव म्हटलं होतं वं!"

"मग वाढवलाच ना!"

नाही सांगितलं तिला. इथं वाचेल तर वाचेल. मी आपली हसत सुटली, डोळ्यांतून पाणी, हातात पदर.

आत गेली. बाग होती. सगळी नातवंडं होती, त्यांचे दोस्त होते. कोण कोण होते, ओळखूच येईना.

आणि सण्णकन् एक बर्फाचा गोळा माझ्या तोंडावर!

पलीकडच्या काठावरून गुरुजी. "वहिनी, पांढुर्ण्याची बाजू वर्षभर रिकामी होती! या!"

पल्लवीनं मला ॲडमिन केलं आहे.

अहो, ऐकून राहिले ना? फोटोला फुलं वाहिली. तुमच्या वाटची खीर काढून ठेवली, थोडी लागली आहे बुडाशी, चालवून घ्या. नमस्कार करते.

आणि बागेचा ताण संपला. मी पाणी देऊन राहिली.

करा आता बॅन.