लाल दिवा

संध्याकाळी आम्ही दोघं मटार सोलत होतो. ही म्हणाली, “अहो, डावा हात जड झालाय.”

मी म्हणालो, “दाणे तोंडात कमी टाक, हलका होईल.”

ती हसली. तासाभरात गेली. मटार अर्धेच सोललेले.

मी आठवी पास. खोलीभर पसरलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर टेपा चढवण्यात माझी सगळी नोकरी सरली. एकदा लाल दिवा लागला, ‘लागतो कधीकधी’ म्हणून सोडला, अन् महिन्याचं काम पुसलं गेलं. साहेबांनी ती चूक माझ्याच हातानं रजिस्टरात लिहून घेतली. पुन्हा एकही दिवा सोडला नाही.

यंत्राचा दिवा दिसायचा मला. शेजारी बसलेल्या बायकोचा हात दिसला नाही. असं कसं झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलेंडरवर कालच्या चौकटीत लिहिलं, ‘हात जड म्हणाली. मी बघितलं नाही.’ खाली सही केली.