मागे कोणी नव्हतं

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. त्याला वाटतं, न्यू टाउनहून मैदानापर्यंतच्या रोजच्या हेलपाट्यांना कंटाळून मी फुटबॉल क्लबातलं काम सोडलं. वाटू दे. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची सांगलीची, नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे कोलकात्यात आले आणि इथल्या एका क्लबात लागले. संघाच्या बाकावर बसणारी मी एकटी बाई. पोरं ‘दिदी’ म्हणायची, जीव लावायची. खोटं कशाला बोलू?

— आता बघा, हेही मीच म्हणतेय.

दुआर्त आमचा बचावपटू. पोर्तुगालचा, चौतिशी उलटलेला. मोठं नाव नव्हतं त्याचं. देशाकडून कधी खेळला नाही. घरी दुय्यम क्लब, मग सायप्रस, मग आमच्याकडे. पण चेंडू कुठे येणार हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. मी घोट्याला पट्टी बांधत असले की एकच विषय — इथला हंगाम संपला की गावच्या क्लबकडून शेवटचं एक वर्ष खेळायचं. बाप तिथल्या मैदानाचं गवत कापायचा. लेक कायम परमुलखात, त्यामुळे म्हाताऱ्यानं त्याला मोठ्यांच्या सामन्यात खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. तेवढं एकदा दाखवायचं होतं. फार मागत होता का हो?

जरा थांबते. आधी दुसरं सांगायला हवं.

ज्या सामन्याचं सांगायचंय, त्याच्या थोडे दिवस आधी मी एका पोराची मांडी आखडली म्हणून त्याला खेळातून बाहेर काढलं होतं. दुसऱ्या सकाळी पठ्ठ्या टणाटण उड्या मारत सरावाला हजर. क्लबच्या टेंटमध्ये — इथे क्लबच्या इमारतीला टेंटच म्हणतात — चहा पिता पिता सचिव सगळ्यांदेखत म्हणाले, “मॅडम डर गयी थीं.” हशा पिकला. मीही हसले. आतून मात्र अंगाचा तिळपापड झाला होता. पुन्हा कुणाला असं बोलायची संधी द्यायची नाही, हे मी तिथेच ठरवून टाकलं.

मग तो सामना. समोर जुने प्रतिस्पर्धी, खचाखच भरलेलं स्टेडियम, आमची एका गोलची आघाडी. दुआर्त एकटाच धावत होता आणि मटकन खाली बसला. मी पिशवी घेऊन पळाले. त्यानं विचारलं, “मागून लाथ कोणी मारली?”

मागे कोणी नव्हतं. टाचेवरची शीर फाटते ना, तेव्हा माणसाला अगदी असंच वाटतं — मागून कुणी हाणल्यासारखं. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या पोरींनाही हे माहीत असतं. त्याला पालथं झोपवून मी पोटरी दाबली. पाऊल हलायला हवं होतं; जेमतेम हललं. म्हणजे अजून पूर्ण तुटलेली नव्हती. तिथेच थांबवलं असतं तर उपचार करून तो पुढे खेळू शकला असता. कळलं का मला? स्वच्छ कळलं.

मी बाकाकडे पाहिलं. सचिव उभे होते, हाताची घडी घालून. मी टाचेवर दुखणं दाबणारा फवारा मारला, दुआर्तच्या पाठीवर थाप दिली आणि बाकाकडे बघून, खेळू शकतो म्हणून अंगठा वर केला. तो उठला. मी म्हटलं म्हणून उठला.

थोड्या वेळानं तो असा कोसळला की शीर तुटली हे कळायला फिजिओची गरजच नव्हती.

इथवर निदान चूक तरी म्हणता आली असती. पण इस्पितळात सचिवांनी विचारलं, आणि मी म्हणाले — किती सहज म्हणाले — “मी नको म्हणत होते. तोच हट्टाला पेटला, माझा हात झटकला. नाइलाजानं अंगठा वर केला.” पेपरांत तेच आलं. हट्टी पोर्तुगीज. तो कुबड्या घेऊन विमानात बसला, आणि पुन्हा कधी खेळला नाही.

परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. गावच्या पोरांना फुटबॉल शिकवतो, खुर्चीत बसून. बाप वारला. बोलता बोलता मोडक्या इंग्रजीत म्हणाला, त्या वेळचं मला नीट आठवत नाही, पण मी तुझं ऐकलं नसणार. मी कसा आहे ते मला माहीत आहे. माझ्या हट्टापायी तुलाही बोल लागला असेल. मला माफ कर.

तोंड उघडायचं होतं ते तेव्हा. नाही का?

मी म्हणाले, “जाऊ दे रे. मी केव्हाच माफ केलं तुला.”

तो कितीतरी वेळ माझे आभार मानत होता.