तिला वाचून दाखवलं होतं

तालुक्याच्या दवाखान्यात आम्ही दोघीच नर्स होतो. दुसऱ्या माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, बीदरच्या ख्रिस्ती बाई. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. डॉक्टर एकच, तेही पुरुष आणि खाली म्हैसूरकडचे. राज्याचं नाव तेव्हा अजून म्हैसूरच होतं. डॉक्टरांचं कानडी पुस्तकात छापल्यासारखं स्वच्छ होतं. आमच्या भागातलं कानडीसुद्धा त्यांना दोनदा ऐकावं लागायचं, मराठी तर अजिबात कळायची नाही. आणि येणाऱ्या निम्म्या बायका मराठी बोलणाऱ्या. मग त्यांच्या टेबलाशेजारी उभं राहून इकडचं तिकडे सांगणं हे माझं काम होऊन गेलं. तसा कुणाचा हुकूम नव्हता. घरात माझी मराठी, गुलबर्ग्याला नर्सिंग शिकताना कानडी पक्कं झालेलं, एवढीच माझी लायकी.

पोलीस ज्या बायकांना तपासायला आणत, त्यांचं सगळं मोठ्या सिस्टरांनी मला हाताला धरून शिकवलं. आमच्या शिक्षणात त्याचा एक धडा नव्हता. बाईला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, जमादाराला दाराबाहेर काढायचं. काय तपासणार, कसं तपासणार, हे तिच्या भाषेत सांगायचं आणि मग अंगठा घ्यायचा. ती नको म्हणाली तर नको. "पोलिसांना काय सांगायचं ते मी सांगते," असं मोठ्या सिस्टर म्हणायच्या, आणि सांगायच्याही. डॉक्टर पुरुष असल्यामुळे तपासणी होईपर्यंत तिच्या उशाशी उभं राहायचं, हात सोडायचा नाही. अंगावरचे कपडे झटकायचे नाहीत, ओले असले तर सावलीत वाळवायचे, कागदात गुंडाळायचे, दोऱ्यानं बांधून लाखेचा शिक्का मारायचा. मुद्देमाल पोलिसांच्या हातात देताना त्यांची सही घ्यायची. शेवटी, डॉक्टरांनी जे लिहिलं ते बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि खाली पुन्हा अंगठा. या शेवटच्या गोष्टीवर त्या फार अडून बसायच्या. डॉक्टर वैतागले तरी त्या कागद हातात धरून सावकाश वाचत राहायच्या.

मी सांगतेय त्या दिवशी मोठ्या सिस्टर लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. बाजाराचा वार होता, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाराच्या सुमारास जमादार एका बाईला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन आला. बाई माझ्याच वयाची, पंचविशीची असेल. दुसऱ्याच्या रानात तूर कापायला गेली होती, आणि ज्याचं रान त्यानंच तिच्यावर जबरदस्ती केली होती. घटना होऊन तिसरा दिवस उजाडला होता. एक दिवस घरात रडण्यात आणि दुसरा ठाण्याच्या ओट्यावर बसण्यात गेलेला. लुगडं सासूनं धुऊन टाकलं होतं. चोळी तेवढी नवऱ्यानं कशी कोण जाणे राखून ठेवली होती, ती त्यानं धोतराच्या तुकड्यात बांधून आणली होती. त्यानं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

तिला मी आतल्या खोलीत नेलं. दोन वाक्यं बोलताच तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमी आमच्यातल्याच का, अक्का?"

तिनं ओळखलं होतं. मी लहान असताना आमच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला, त्यांचंही तसंच. पण तालुक्याला मी ज्या गल्लीत खोली घेतली होती तिथं मी ते सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टरांनाही माझ्या घरादाराची माहिती नव्हती. दार अर्धं उघडं होतं. मी म्हणाले, "आधी अंगठा द्या." तिनं अंगठा पुढे केला. तिच्या बोलण्याला मी दिलेलं ते पहिलं उत्तर.

डॉक्टर आले. ते विचारत, मी तिला विचारायची, ती सांगे ते मी त्यांना कानडीत सांगायची, आणि ते इंग्रजीत लिहायचे. ती खाली बघत सांगत होती.

"मी तूर कापायले व्हते. त्यो मागून आला. मी लई वराडले. त्येनं तोंड दाबलं. मग मी गार पडले, अक्का."

तोंड दाबलं इथपर्यंत मी नीट सांगितलं. गार पडणं म्हणजे काय ते आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. भीतीनं माणूस जागच्या जागी निर्जीव होतं, हात उचलत नाही, आवाज फुटत नाही. डोळे उघडे असतात, पण आपण आहोत हेही त्याला कळत नाही. माझा काका विहिरीत पडून गेल्याची खबर आली तेव्हा माझी आई अशी गार पडलेली मी पाहिली होती. त्याला कानडीत काहीतरी शब्द असेलच. नसता तर मी दोन वाक्यांत समजावून सांगू शकले असते. पण बाहेर लोक कलकल करत होते, डॉक्टर घड्याळ बघत होते, आणि परपुरुषासमोर हे सगळं बोलताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कधी एकदा संपतं असं वाटत होतं. मी म्हणाले, "सुम्मने मलगिद्दळंते." म्हणजे, ती गप पडून राहिली म्हणे.

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं.

तपासणीच्या वेळी तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उमटले. दोन्ही कोपरं सोलवटलेली होती, बांगड्या फुटून मनगटावर काप होते. बाकी तिसऱ्या दिवशी काय सापडणार. चोळी मी कागदात बांधली, लाख वितळवली, शिक्का मारला, जमादाराची सही घेतली. सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. फक्त कागद वाचून दाखवला नाही. मोठ्या सिस्टर नव्हत्या, आणि बाहेर एका म्हाताऱ्याला भोवळ आली म्हणून मला हाका चालल्या होत्या. मी तिचा अंगठा शाईत बुडवला आणि न वाचलेल्या कागदावर टेकवला.

दीड-दोन वर्षांनी खटला उभा राहिला. डॉक्टरांची बदली झाली होती. ते लांबून येऊन साक्ष देऊन गेले. त्यांना विचारलं गेलं की बाईचं म्हणणं तुम्हाला कुणी सांगितलं, तेव्हा त्यांनी माझं पद सांगितलं. म्हणून मला समन्स आलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांनी मला बाजूला घेतलं. घाईत होते. म्हणाले की लिहिलेलं बाईला वाचून दाखवलं होतं का, असं विचारतील, तर हो म्हणा. नाही म्हणालात तर डॉक्टरांचा सगळा दाखलाच निकामी ठरेल, आणि आपल्याकडे दुसरं आहे काय. मी दाखल्यात नक्की काय लिहिलंय ते विचारलं नाही. इंग्रजी मला वाचता येत होतं. कागद त्यांच्या हातातच होता.

पिंजऱ्यात उभी राहिले. शिक्का मीच मारला का, सही मीच घेतली का, अंगठा माझ्यासमोर झाला का, सगळ्याला हो म्हणाले. मग आरोपीच्या वकिलानं विचारलं की हा मजकूर बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवला होता का.

"हो, वाचून दाखवला होता," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली आणि कागदातलं ते एक वाक्य कानडीत मोठ्यानं वाचलं. आधी ओरडली, नंतर गप पडून राहिली. म्हणजे हरकत नव्हती. आणि हे बाईचं स्वतःचं म्हणणं, तिला वाचून दाखवलेलं, तिचा अंगठा खाली. तो शांतपणे बोलत होता, आवाज चढवला नाही.

मी म्हणाले की साहेब, तिचा मूळ शब्द वेगळा होता. न्यायाधीशांनी विचारलं की मग वाचून दाखवलं तेव्हा तिनं दुरुस्त केलं नाही का. खरं सांगायचं तर आत्ताच शपथेवर खोटं बोलले हे कबूल करावं लागणार होतं. नोकरी जाईल, घरी धाकटी भावंडं माझ्या पगारावर शिकत होती, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. सरकारी वकील माझ्याकडे बघत नव्हते. मी म्हणाले, "आठवत नाही." मला खाली उतरायला सांगितलं.

बाहेर लिंबाखाली ती नवऱ्याबरोबर बसली होती. नवऱ्यानं दाराशी उभं राहून ते वाक्य ऐकलं होतं, त्याला कामापुरतं कानडी कळायचं, आणि त्यानं ते तिला सांगितलं होतं. मला बघून ती उठली.

"अक्का, मी आसं म्हनले व्हते का?"

"न्हाई. तुमी ‘गार पडले’ म्हनला होता."

"मग तितं कामून न्हाई सांगितलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. तिला खरंच कळत नव्हतं. मी काहीतरी बोलले, काय ते आता आठवत नाही. नवऱ्यानं तिच्या दंडाला धरलं आणि म्हणाला, चल, गाडी चुकेल. तो माणूस निर्दोष सुटला, हे मला पुढच्या महिन्यात जमादाराकडून कळलं. त्यानं ते बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

मोठ्या सिस्टरांपाशी मी सगळं बोलले. त्यांनी सुया उकळायच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "शब्द तर माझाही चुकला असता. वाचून दाखवलं असतंस तर तिनंच तो दुरुस्त केला असता." त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही. मला तेव्हा वाटलं होतं की त्या रागावतील, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून पुढे मी बाईचे शब्द आधी मराठीत, जसेच्या तसे, वेगळ्या वहीत लिहू लागले. नवे डॉक्टर आले, त्यांनाही मी त्या शब्दांशी थांबवायची. हा शब्द असाच लिहा, खाली अर्थ लिहा, म्हणायची. ते कधी ऐकायचे, कधी नाही. वाचून मात्र प्रत्येकीला दाखवलं. एका बाईनं ऐकता ऐकता दोन ठिकाणी मला थांबवलं आणि आसं न्हाई, आसं, म्हणून सांगितलं. तिच्या खटल्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. दवाखान्याला कुणी कळवत नसे.

खटल्याचा निकाल लागल्यावर तीन वर्षांनी ती बाई बाळंतपणासाठी आमच्याच दवाखान्यात आली. बैलगाडीतून उतरवून तिला आत आणलं तेव्हा कामावर मी होते, मोठ्या सिस्टर रुग्णालयामागच्या त्यांच्या घरी होत्या. कळा जोरात होत्या. मी हातमोजे चढवून खोलीत गेले. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं, आणि तोंड सासूकडे फिरवलं.

"या बाईला नगं म्हना."

सासूला काही उमगलं नाही. ती माझी माफी मागायला लागली, कळांमुळे बडबडायलीय, मनावर घेऊ नका, म्हणाली. मी तिला राहू द्या म्हणाले. आयाला धावत मोठ्या सिस्टरांकडे पाठवलं. त्या येईपर्यंत मी दाराबाहेर उभी राहिले. आत जाऊ शकत नव्हते आणि लांबही जाता येत नव्हतं. त्या आल्या, पदर खोचत आत गेल्या, दार लावून घेतलं. मी पुढच्या खोलीत जाऊन रांगेतल्या बायकांचे कागद करायला बसले. तीनच्या सुमारास आयानं येऊन सांगितलं की मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी बाळंतपणाच्या वहीत तशी नोंद केली.