सिस्टर ‘जय’ म्हणाल्या आणि पुढे बोलत राहिल्या

सकाळी अंगणात दात घासत होतो तेव्हा मोबाइल वाजला. अर्जुनी मोरगावहून सुमन सिस्टरच्या मुलीचा, वैशालीचा, फोन होता. “काका, आई गेली. झोपेतच...” या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले. मिळेल त्या गाडीनं तिथं पोचलो. अंत्ययात्रेत शेजारून चालणाऱ्या एका माणसानं हळूच विचारलं, “ह्या त्याच ना जी, पंधरा ऑगस्टवाल्या?” मी हो म्हणालो. तीस-बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईची एवढीच ओळख उरावी, हे मनाला लागलं. म्हणून त्या पंधरा ऑगस्टला काय झालं ते लिहितो आहे. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

सालेकशाकडचं, रानाला लागून असलेलं आमचं गाव. तिथल्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी शाळेचा मुख्याध्यापक. माझ्या पटावरची निम्मी मुलं त्यांच्याच हातांवर जन्मलेली. बोलणं फटकळ. झेंडावंदनाला मात्र कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून सगळ्यांच्या आधी हजर. एकदा राष्ट्रगीत सुरू व्हायच्या आत त्यांनी तंबाखूचा खर्रा चघळणाऱ्या एका ग्रामपंचायत सदस्याला भर मैदानात सुनावलं होतं, “खर्रा थुका आधी, मंग उभे राहा!” लोक हसले, पण पुढच्या वर्षीपासून झेंड्यापुढं कुणाच्या तोंडात खर्रा दिसला नाही.

ज्या सालची ही गोष्ट, त्या साली भाताची रोवणी चालू असताना माझ्या चौथीतल्या रोशनीला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, साप चावला. बापानं तिला मोटारसायकलवर घालून दहा मिनिटांत दवाखान्यात आणलं. डॉक्टरची जागा रिकामी होती, आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन संपून दोन महिने झाले होते. सिस्टरनी तीन अर्ज पाठवले होते, उत्तर एकाचंही नव्हतं. अॅम्ब्युलन्समधून त्या स्वतः पोरीला घेऊन निघाल्या, पण गोंदियाचं मोठं इस्पितळ गाठायच्या आतच ती गेली. परत आल्यावर त्या माझ्या वऱ्हांड्यात बसल्या. पाण्याचा पेला हातात तसाच राहिला. “अर्ध्या वाटेपर्यंत माह्याशी बोलून राहिली होती, गुरुजी,” एवढंच म्हणाल्या.

अकरा दिवसांनी स्वातंत्र्यदिन आला. चांगल्या कामाबद्दल सिस्टरचा सत्कार करायचं ग्रामपंचायतीनं आधीच ठरवलं होतं. तालुक्याहून एक अधिकारी आणि एक पुढारी आले होते. शाल-नारळ झाल्यावर मी माइक त्यांच्या हाती दिला, दोन शब्द बोला म्हणालो. त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. “आज रोशनी ह्या रांगेत असती,” त्या म्हणाल्या. “इंजेक्शन असतं तर असती. तीन डाव लिहून देल्लं. सरकार चुकलं आहे आणि मी सरकारची नोकर आहे, म्हनून मी सांगून राहिली...” पुढारी ताडकन उठले. “मॅडम, आज ये सब बोलनेका दिन है क्या? झेंड्यापुढं सरकारची बदनामी? हा देशाचा अपमान आहे!” त्यांच्या माणसांनी सूर धरला, “भारत माता की...” मुलांना सवयच, ती ओरडली, “जय!” सिस्टरनीही मूठ वर करून सगळ्या ताकदीनं “जय!” म्हटलं. आवाज थांबला तशा त्या पुढं बोलायला लागल्या. पुन्हा घोषणा झाली, पुन्हा त्या “जय!” म्हणाल्या आणि पुन्हा जिथं थांबल्या होत्या तिथून बोलू लागल्या. तिसऱ्या वेळी कुणीतरी माइकची वायर उपटली. मुलं माझ्याकडं बघत होती... आणि मी जमिनीकडं.

संध्याकाळपर्यंत मोबाइलवर फिरायला लागलं, नर्सनं झेंड्याचा अपमान केला. दवाखान्याच्या भिंतीवर कुणीतरी ‘देशद्रोही’ लिहिलं. चौकशी बसली. मला लेखी जबाब मागितला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. कागद पुढं घेऊन मी बराच वेळ बसलो आणि शेवटी लिहिलं, ‘गोंधळामुळे त्या काय बोलल्या ते नीट ऐकू आले नाही.’

जबाबाची नक्कल त्यांना मिळाली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या ऑफिसात आल्या. बसल्या नाहीत. “काऊन, गुरुजी? तुमी तं बाजूलेच होते.”

“सिस्टर, तो दिवस भाषणाचा नव्हता, एवढं तर तुम्हीही...”

“मंग कोनता दिवस होता? अर्ज देल्ले तं कोनी वाचत नाही. बोललं तं देशद्रोही.” “घरात भात करपला तं आपन सांगतो ना जी? शेजाऱ्याच्या घरचा करपला तं आपल्याले काय करा लागते? माह्यं घर आहे म्हनून सांगतो. तुमी माह्याविरुद्ध खोटं नाही लिहिलं. पन खरंबी नाही लिहिलं.”

त्या गेल्या. आठवड्यानं मी दुसरा जबाब लिहिला, ऐकलेलं सगळं, शब्दन्‌शब्द, आणि तालुक्याला स्वतः नेऊन दिला. कारकुनानं तो फाइलला लावला आणि म्हणाला, “उशीर केला जी. सिस्टरच्या बदलीचा आदेश कालच निघाला.” जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अर्जुनीकडं. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्या थोडं हसल्या. “असू द्या. इंजेक्शनं आली ना.” आली होती, वीस कुप्या. गाव सोडायच्या दिवशी त्यांनी दवाखान्याच्या दाराशी शाळेचा एक जुना फळा टांगायला लावला आणि त्यावर खडूनं लिहिलं, ‘साप चावल्याची इंजेक्शनं, आज शिल्लक : २०’. नव्या नर्सला बजावलं, रोज सकाळी फ्रिज उघडून बघायचं आणि खरा आकडा लिहायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे.

निवृत्तीनंतर मी ते गाव सोडलं. परवा पुन्हा तिथं गेलो होतो. तेव्हापासून तीन नर्स बदलल्या, पण आकडा रोज लिहिला जातो. आता आहे ती जेमतेम पंचविशीची पोरगी, सुमन सिस्टरना तिनं कधी पाहिलेलंही नाही. फळ्यावर शून्य होतं. ती दारात उभी होती, हातात ओलं फडकं.

“तालुक्याच्या साहेबाचा फोन आला होता जी,” ती म्हणाली. “पाहनीले येऊन राहिले. म्हनतात, ते पुसून टाक, गावाचं नाव खराब होते.”

“मग?”

“पुसाले गेली होती...” तिनं फडकं पिळलं आणि खिडकीच्या गजावर वाळत टाकलं. “नाही पुसलं.”

साहेब दुपारी येणार होते. तिनं मला आतून खुर्ची आणून दिली. ती मी फळ्याच्या शेजारी ओढली आणि बसलो.