चिमट्याला दात कोणी लावले? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि अक्का

मे महिन्यात शहाणी माणसं थंड हवेच्या ठिकाणी जातात. मी आणि माझी थोरली बहीण उल्हासनगरला गेलो. तिथून अंबरनाथ, तिथून बदलापूर आणि बारवी धरणाच्या रस्त्याने परत नाशिक. या ब्लॉगवर आजवर मी किल्ले, लेणी आणि मिसळ यांवर लिहीत आले. या सहलीचं निमित्त ऐकून दोन मैत्रिणींनी बजावलं, "हे असलं लिहू नकोस गं." म्हणून तर लिहितेय.

निमित्त असं. अक्का अठ्ठावन्न वर्षांची, निवृत्त मुख्याध्यापिका. पाळी जाऊन सात वर्षं झालेली, आणि फेब्रुवारीत तिला पुन्हा डाग दिसला. मार्चमध्ये परत. सांगितलं फक्त मला, तेही कोथिंबीर निवडताना, कोथिंबिरीकडे बघत. मी तिला ओढून डॉक्टरकडे नेलं. या वयात असा डाग दिसला की आतून तपासायलाच हवं, थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अक्का टेबलावर चढलीच नाही. वीस वर्षांपूर्वी एकदा चढले होते, तेवढं या जन्माला पुरे, म्हणाली. मी भांडले, रडले, भावजींना सांगेन म्हणून धमकावलं. शेवटी ती म्हणाली, "शुभे, तू पॉलिटेक्निकात पोरांना यंत्रांची ड्रॉइंग शिकवतेस ना? मग आधी तो चिमटा बदल. मग येते."

ही शुद्ध टाळाटाळ होती. मी ती वर्क ऑर्डर समजले.

चिमटा म्हणजे स्पेक्युलम. बदकाच्या चोचीसारखा असतो. मूठ दाबली की चोच आत उघडते आणि डॉक्टरांना दिसतं. ज्या कुणी तो पहिल्यांदा घडवला त्याच्यावर तो कधी वापरला जाणार नव्हता, हे बघताक्षणी कळतं. गार, कडा बोचऱ्या, स्क्रू फिरवला की करकरणारा. मी आठवडाभर बसून नवं ड्रॉइंग काढलं. कडा गोल, पाती अरुंद, वर सिलिकॉनचं आवरण, आवाज न करणारी खिट्टी. नमुना बनवायला ते मिलिंदला पाठवलं. मिलिंद माझा जुना विद्यार्थी, अंबरनाथच्या एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. आणि इथे मी शेण खाल्लं. ज्या पोराला मी शिकवलं त्याला हे लिहू कसं? म्हणून भागाचं नाव आणि काम लिहायच्या चौकटीत मी लिहिलं, 'चिमटा, स्वयंपाकघरासाठी'.

नमुना व्हायला महिना लागला. त्या महिन्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. वाचणारीने असा महिना अजिबात घालवू नये.

भावजींना सांगितलं, अंबरनाथच्या शिवमंदिराला जातोय. पहाटे निघालो. कसारा घाट, मग पडघ्याहून आत वळून गांधारीचा पूल, कल्याण, शहाड. शहाडच्या पुलावर मोबाइलने सहा मिनिटं दाखवली आणि पुलाने चाळीस घेतली. अक्काने तेवढ्यात दोन दशम्या खाल्ल्या आणि पुढच्या टेम्पोमागच्या मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या.

उल्हासनगरात वस्त्यांना कॅम्प एक ते पाच असे आकडे आहेत, आणि प्रत्येक जण आपल्या कॅम्पातलं सिंधी दालपकवान अस्सल म्हणतो. आम्ही कॅम्प तीनमध्ये खाल्लं. अकराच्या आत जा, नंतर पकवान उरतं आणि डाळ संपते. मग सर्जिकल सामानाच्या दुकानात शिरलो. बाजारात मिळणारे चिमटे मला माझ्या नमुन्याशेजारी ठेवून बघायचे होते.

"स्पेक्युलम दाखवा," मी म्हटलं. दुकानात एकदम पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

सेठने आधी अक्काकडे पाहिलं, मग कॅलेंडरवरच्या झुलेलालकडे. "डॉक्टर आहात, मॅडम?"

"नाही. बाई आहे."

"मग मीडियम देतो. सगळे मीडियमच नेतात."

"स्मॉल नाही?"

"है ना. पण चालत नाही. पडून आहे."

"बायकांना चालत नाही की डॉक्टरांना?"

"ऑर्डर देणाऱ्याला, मॅडम. बायका थोडीच ऑर्डर देतात?"

"उत्तर बरोबर आहे," अक्का म्हणाली. शाळा सुटली तरी तिचा तपासणीचा सूर गेलेला नाही.

दोन मीडियम घेतल्यावर सेठने प्लास्टिकचा, सीलबंद पाकिटातला स्मॉल फुकट दिला. "ये भी ले जाओ, दीदी. जगह खाली होगी." मग ते तिन्ही त्याने वर्तमानपत्रात गुंडाळले, काळ्या पिशवीत घातले, आणि ती पिशवी साडीच्या दुकानाच्या पिशवीत. एनिमाचं भांडं मात्र दारात तोरणासारखं टांगलेलं होतं. त्याची कुणालाच लाज नव्हती.

चारच्या सुमाराला अंबरनाथ. मिलिंदचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात कांदाही मायक्रॉनमध्ये चिरत असतील. पत्र्याच्या शेडमध्ये दोन लेथ, एक मिलिंग मशीन, आणि दाराशी उजेडात एक लांब टेबल. त्यावर सुमनबाई कानस घेऊन धातूच्या तुकड्यांच्या धारदार कडा घासत बसलेल्या. बदलापूरच्या पलीकडच्या पाड्यावरून रोज येतात, हात जराही थांबत नाही.

मिलिंदने नमुना चहाच्या ट्रेमधून आणला. आरशासारखा चमकत होता.

"मॅडम, रागावू नका. तुमच्या ड्रॉइंगमध्ये एक चूक होती, ती मी सुधारली," तो लाजत म्हणाला. "तुम्ही दाखवलं होतं की मूठ दाबली की पाती उघडतात. चिमटा असा कसा चालेल? म्हणून उलटं केलं. आता दाबलं की गच्च मिटतो. आणि आतून बारीक दात दिलेत. वडा सुटायचा नाही."

त्याने ट्रेमधला खारीचा तुकडा पकडून दाखवला. खारीचा चुरा झाला.

मी अक्काकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने पर्स उचलली. "शुभे, गाडी काढ. घरी जायचंय."

मला कळलं, आत्ता ही गाडीत बसली की पुन्हा कधीच टेबलावर चढणार नाही. तोंड उघडायला हवं होतं. बावीस वर्षं वर्गात आवाज चढवणारी मी, आणि शब्द काय फुटले? "अरे मिलिंद, हे... म्हणजे तपासणीसाठी... स्त्रियांच्या... आरोग्यविषयक..." लेथवरच्या माणसाने मशीन बंद केलं. नीट ऐकू यावं म्हणून असणार.

सुमनबाईंनी कानस खाली ठेवली, नमुना उचलला, फिरवून पाहिला. "आवं, ह्यो तर बायांना तपासायचा हाय. माझ्या सुनंला लावला व्हता." मग मिलिंदकडे वळून, "याला दात कशाला रं लावलंस? आधीच काय कमी चावतो?"

अक्का हसली. पर्स हातात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. स्टुलावर बसून तिने वीस वर्षांत जे मलाही सांगितलं नव्हतं ते त्या शेडमध्ये सांगितलं. तो डॉक्टर 'सैल सोडा, सैल सोडा' म्हणून ओरडत होता. ती कळवळली तेव्हा म्हणाला, "दोन पोरं झालीत ना? मग एवढं काय?" दार अर्धवट उघडं होतं. "मी शाळेत गेले आणि दिवसभर पोरांना मारत सुटले गं," अक्का म्हणाली. मला इतकी शरम वाटली की काय सांगू. मी तिला भित्री म्हटलं होतं.

मिलिंद खाली मान घालून उभा होता. "मॅडम, सांगायचं ना. तुम्हीच शिकवलंत, भागाचं काम लिहिलं नसेल तर ड्रॉइंग हातात घ्यायचं नाही."

माझंच वाक्य होतं.

सुमनबाई अजून नमुना न्याहाळत होत्या. "याची मूठ बघणाऱ्याच्या बाजूला हाय. आपल्या बाजूला नको? काजळ दुसऱ्यानं घातलं की डोळा मिटतो. आपलं आपण घातलं की मिटतो का?"

मी आठवडाभर त्रिज्या मोजत बसले होते. हा प्रश्न माझ्या कागदावर कुठेच नव्हता. मिलिंदने खिशातून खडू काढला, टेबलावरच नवी मूठ आखली आणि म्हणाला, "उद्या अकराला या."

मुक्काम स्टेशनजवळच्या लॉजवर. एसी चालतो, गरम पाणी सात ते आठ, दोन बायका एकट्या आल्या म्हणून आधार कार्डावर जरा जास्त वेळ नजर. सकाळी मंदिर पाहिलं. हजार वर्षांचा काळा दगड, गाभाऱ्यात उतरायला वीसेक पायऱ्या. अक्काचे गुडघे दुखतात, पण ती खाली जाऊन आली. काय मागितलंस, विचारलं. "तुझ्या मिलिंदला बुद्धी," म्हणाली.

बुद्धी मिळालेली होती. रात्रभर बसून केलेल्या दुसऱ्या नमुन्याचे दात गेले, पाती दाबल्यावर उघडायला लागली आणि मूठ वरच्या बाजूला, झोपलेल्या बाईच्या हाताशी आली. मिलिंदने पैसे घेतले नाहीत. दात असलेला पहिला नमुना मात्र आठवण म्हणून आम्हाला दिला.

अंबरनाथहून बदलापूर जेमतेम अर्धा तास. तिथे कुळगावात डॉ. अनघाचं क्लिनिक आहे. ती माझ्या मैत्रिणीची मुलगी, म्हणून तिला आधीच फोन केला होता. तिने नमुना हातात घेतला, चोच उघडमीट केली, कौतुक केलं आणि म्हणाली, "मावशी, छान आहे. पण हा मी वापरू शकत नाही. कुठलं स्टील, निर्जंतुक कसा करायचा, चाचण्या, परवानग्या... वर्कशॉपमधून आणून थेट माणसात नाही घालता येत."

बरोबरच होतं तिचं. यंत्रं शिकवणाऱ्या बाईला हे सुचू नये? अक्का टुणकन उठली. "बघ! नियमात बसत नाही. चल, जांभळं घेऊ नि निघू." गुडघे दुखणारी बाई दाराशी कधी पोचली, कळलंही नाही.

"तुझ्याकडे बारीक मापाचा नाही का गं?" मी अनघाला काकुळतीने विचारलं.

"मागवते की. पण दुकानदार मीडियमच पाठवतो. स्मॉल चालत नाही म्हणतो."

मी धावत गाडीकडे गेले. साडीची पिशवी, काळी पिशवी, वर्तमानपत्र. सेठच्या अडगळीतला स्मॉल. अनघाने सील तपासलं, मुदत तपासली. दोन महिने बाकी होते. "हा चालेल," ती म्हणाली.

अक्का दाराची कडी धरून उभी. मग मुख्याध्यापिकेच्या आवाजात तिने विचारलं, "मी स्वतः घातला तर?"

अनघाने पाकीट खाली ठेवलं. "घाला की. मूठ वर फिरवते, कोमट पाण्याने गरम करून देते. दुखलं तर थांबा म्हणा, मी थांबेन." मग जरा ओशाळून म्हणाली, "खरं सांगू? मला कुणी विचारलंच नव्हतं. आणि मीही कुणाला नाही."

दार लागलं. कडी घातल्याचा आवाज आला. बाहेर बाकावर बसून मी भिंतीवरचं गुटगुटीत बाळाचं पोस्टर पाहत होते आणि कान टवकारून 'सैल सोडा' ऐकू येतं का बघत होते. नाही आलं. एकदा अक्काचा आवाज आला, "थांब," आणि मग शांतता. नंतर दोघी कशावर तरी हसल्या. बाहेर आली तेव्हा अक्का पदर सारखा करत होती. "आत कोंबासारखा एक छोटा मोड आहे म्हणे. तुकडा घेतलाय, तपासायला पाठवणार. चल, आता जांभळं."

बारवीच्या रस्त्यावर पाड्यांवरच्या बाया पानांच्या द्रोणात जांभळं विकतात. बदलापूरची जांभळं खाऊन माणूस बोलला की जीभ जांभळी दिसते, म्हणून आम्ही मुरबाडपर्यंत एकमेकींना जिभा दाखवत गेलो. रस्ता अरुंद आहे, वळणं सांभाळा.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. वाईट काही नव्हतं. पुढच्या सोनोग्राफीला अक्का स्वतः नंबर लावून गेली आणि तिथल्या मुलीला आधी आत घालायच्या नळीचं माप विचारलं. भावजींना आता सगळं माहीत आहे. दातवाला चिमटा त्यांनी स्वयंपाकघरात नेलाय, आणि मिलिंदचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, वडा सुटत नाही.

जुन्याच कागदावर मूठ फिरवून काढलेलं ड्रॉइंग मी अक्काकडे ठेवून आले होते, चौकट तशीच राहिली होती. काल परत मिळालं. नाव-कामाच्या चौकटीतलं माझं 'स्वयंपाकघरासाठी' तिने लाल शाईने खोडलंय आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलंय, 'बाईच्या तपासणीसाठी. काम लपवल्याबद्दल पाच गुण वजा.' आणि खाली, मुठीपाशी बाण काढून, 'ही अर्धा इंच लांब कर. माझा हात पोचायला वेळ लागला.'