लुटगार्टचा आक्षेप

बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या चर्चच्या सभागृहात दर शनिवारी लोक मुके झालेले रेडिओ, गळणारी कॉफीयंत्रं आणि रुसलेले टोस्टर घेऊन येतात. दुरुस्तीचा हा मेळा लुटगार्टने सुरू केला. पोस्टातून निवृत्त झाल्यावर तिच्या मैत्रिणी बागकामाला लागल्या, हिने स्क्रूड्रायव्हर हाती घेतला. विकत घेतलेली वस्तू मालकाला उघडता आली पाहिजे, असा कायदा युरोपभर व्हावा म्हणून गावोगावच्या सभांत तिने घसा कोरडा केला.

"माझ्याशी बोलली नसशील तेवढं त्या टोस्टरांसाठी बोललीस," तिचा नवरा फिर्मिन म्हणायचा.

"टोस्टर मध्येच पेपर वाचायला घेत नाहीत," ती म्हणायची.

मग मेळ्यात एल्के आली. शाळेत फ्रेंच शिकवणारी, गोड आवाजाची, आणि स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा हे दरवेळी विचारणारी. पण ती बोलायला लागली की लोक हातातली कॉफी थंड होऊ देत. लुटगार्ट बोलायला लागली की लोक कॉफी आणायला उठत. हा फरक दुसऱ्या कुणाच्या लक्षात आला नसेल. लुटगार्टच्या मनात मात्र तो काट्यासारखा रुतून बसला.

त्या वसंतात बातमी आली की कायद्याच्या मसुद्यावर ब्रुसेल्सला जाहीर सुनावणी आहे. कंपन्यांची माणसं बोलणार, नागरिकांच्या संघटना बोलणार, मग प्रश्नोत्तरं. गेंटच्या मेळ्याने आपला एक वक्ता पाठवायचा. लुटगार्टने निळा कोट धुलाईला टाकलासुद्धा.

मेळ्याच्या मंडळात मतदान नसे. गोल करून बसायचं, नाव सुचवायचं आणि एकेकाला विचारायचं, "आक्षेप?" ज्याचा असेल त्याने कारण सांगायचं, आणि तो आक्षेप दूर होईस्तोवर मेहनतही त्यानेच घ्यायची. उगाच नाट लावणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हा नियम लुटगार्टनेच आणला होता.

नाव आलं ते एल्केचं. प्रश्न फिरत फिरत लुटगार्टपाशी आला.

"आक्षेप आहे," ती म्हणाली. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. "पोरीला मसुदा नीट ठाऊक नाही. तिथे भंबेरी उडेल तिची."

"बरोबर आहे," एल्के लगेच म्हणाली. "मग तू शिकव ना मला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. लुटगार्ट स्वतःच्याच नियमात अडकली.

एल्के तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागली. लुटगार्ट कलमं समजावायची, एल्के तीच अशी म्हणून दाखवायची की शेजारच्या खोलीतला फिर्मिन पेपर खाली ठेवायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याने विचारलं, "म्हणजे बॅटरी चिकटवून टाकतात? हे तू मला कधी सांगितलंच नाहीस."

"लग्नापासून सांगतेय," लुटगार्ट म्हणाली आणि तांदळाचा टार्ट जरा जोरातच कापला.

त्या दिवशी तिने एक गोष्ट मागे ठेवली. अँटवर्पच्या एका सभेत कंपनीवाल्याने तिला विचारलं होतं, माणसाने घरी वस्तू उघडली आणि शॉक बसला तर जबाबदार कोण? तेव्हा ती निरुत्तर झाली होती. उत्तर सुचलं ते कितीतरी दिवसांनी, भांडी घासताना. ते तिने एल्केला दिलं नाही. एवढं एक माझं राहू दे, तिने मनाला समजावलं.

ब्रुसेल्सला एल्के पुढच्या रांगेत माइकसमोर, लुटगार्ट तिच्या मागच्या खुर्चीत. काचेआडचे दुभाषेसुद्धा एल्केकडे कौतुकाने बघताहेत असं लुटगार्टला वाटलं. भाषण झकास झालं. मग कंपन्यांच्या बाजूचा एक सभ्य गृहस्थ उठला आणि मऊ आवाजात त्याने नेमका तोच प्रश्न टाकला.

एल्के समोरचे कागद चाळू लागली. तिच्या मानेवर लाली चढत गेली. लुटगार्टला क्षणभर गार वाऱ्यात बसल्यासारखं बरं वाटलं. मग तिने पाहिलं, समितीच्या बाई पेन उचलून वस्तू उघडण्याच्या कलमाशेजारी काहीतरी खूण करू लागल्या होत्या. हे कलम गेलं तर एल्केचं काहीच जाणार नव्हतं. जाणार होते लुटगार्टचे सगळे शनिवार.

ती पुढे वाकून एल्केच्या कानाशी कुजबुजली. एल्केने माइकचं बटण दाबलं.

"लोक आजही वस्तू उघडतातच, साहेब. भाजीच्या सुरीने उघडतात. कसं उघडायचं हे तुम्ही सांगत नाही म्हणून सुरी घेतात. शॉक कुणामुळे बसतो, ते तुम्हीच ठरवा."

सभागृहात हशा पिकला, प्रत्येक भाषेत थोडा मागेपुढे. बाईंनी पेन खाली ठेवलं. बाहेर सगळे एल्केचा हात हातात घेत होते. लुटगार्ट मागे एल्केचा कोट धरून उभी होती.

परतीच्या आगगाडीत एल्केने विचारलं, "हे स्वयंपाकघरात का नाही सांगितलंस?"

"विसरले."

"कुणाच्या टोस्टरचा कुठला स्क्रू हरवला तेसुद्धा तुला पाठ असतं, लुटगार्ट."

लुटगार्टने खिडकीबाहेर पाहिलं. "तुझं सगळे ऐकतात," ती शेवटी म्हणाली. "माझा नवरासुद्धा."



पुढच्या बैठकीत दुसऱ्या सुनावणीसाठी नाव हवं होतं. या वेळी एल्केनेच लुटगार्टचं सुचवलं. प्रश्न सगळ्यांकडे फिरून पुन्हा एल्केपाशी आला.

"आक्षेप आहे," एल्के म्हणाली.

लुटगार्टचा चेहरा पडला.

"ही बाई बोलताना समोरच्याकडे बघत नाही, मसुद्याकडे बघते. म्हणून लोक कॉफी आणायला उठतात."

म्हणजे तो फरक एल्केच्याही लक्षात आला होता. लुटगार्टच्या अंगाचा तिळपापड झाला. पण कारण खरं होतं, आणि नियम तिचाच.

"बुधवारी ये," ती तुटकपणे म्हणाली. "टार्ट तू आण. आणि फिर्मिनला बाहेर पाठवीन मी."

"छे," एल्के म्हणाली. "त्यालाच समोर बसवायचं."