काट्याशेजारचं मत

बातमी स्टेशनवरच्या हमालाने आणली. मी सातवीच्या वर्गावर होतो. दारात उभं राहून त्याने डोक्याचं फडकं सोडलं आणि म्हणाला, "गुरुजी, पार्सलबाबू गेले. सकालीच... छातीत कळ आली." मी खडू खाली ठेवला आणि वर्ग सोडून दिला. याला दोन महिने होत आले. माझ्या या मित्राशी, सदाशी, माझं एक बोलणं राहून गेलं आहे आणि त्यात दोष सगळा माझा आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

सदा डहाणू स्टेशनवर पार्सल क्लार्क होता. शेजारच्या नरपड गावच्या कोळणींच्या मासळीच्या टोपल्या आणि बागायतदारांच्या चिकूच्या पेट्या त्याच्या वजनकाट्यावरून मुंबईला जात, आणि तंबूत दाखवायच्या सिनेमाचे पत्र्याचे डबे मुंबईहून त्याच्याच खिडकीत उतरत. शुक्रवारी डबे आले की दिवेलागणीच्या खेळाला सदा शेवटच्या बाकावर हजर. शनिवारी सकाळी टोपली काट्यावर ठेवता ठेवता बायका विचारत, "बाबू, खेल कसा हाय?" काट्यावरची नजर न काढता सदा वजनही सांगे आणि मतही. एका पौराणिक चित्रपटाबद्दल म्हणाला होता, "देव बरे आहेत, पण दाढ्या नीट चिकटवलेल्या नाहीत." एका रडक्या चित्रपटातला क्षयाचा रोगी मरता मरता दोन गाणी म्हणत होता. सदा म्हणाला, "एवढा दम असलेला माणूस मरतो कशाला?" त्याच्या एका वाक्यावर तंबू भरे नाहीतर ओस पडे. तंबूवाल्याने एकदा मिठाईचा पुडा पाठवला, तर पठ्ठ्याने त्याचं वजन केलं, पावती फाडली आणि पुडा पार्सलने परत धाडला! मला त्याचा फार अभिमान वाटायचा... माझी पाळी येईपर्यंत.

मी कोळ्यांच्या जीवनावर एक कथा लिहिली होती आणि मुंबईच्या एका निर्मात्याने ती घेतली. सदाने ती आधी वाचली होती. तो एवढंच म्हणाला, "नरपडला जा आणि जमनाबाईला वाचून दाखव. तासाभराचं काम आहे." मला राग आला. जन्म माझा डहाणूतला, रोज समुद्र पाहणारा मी, आणि मासळी विकणाऱ्या बाईकडून कथा तपासून घेऊ? मी गेलो नाही.

दोन वर्षांनी एका शुक्रवारी डबे आले. त्यांवर माझ्या चित्रपटाचं नाव होतं. शाळेतले हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळे बघायला येणार होते. मी पार्सल ऑफिसात गेलो आणि दार लोटून घेतलं.

"सदा, उद्या काही बोलू नकोस."

"विचारलं तर?"

"चांगला आहे म्हण. एवढं एकदाच. माझी अब्रू तुझ्या हातात आहे."

तो डब्यांवरचे नंबर वहीत उतरवू लागला. संध्याकाळी खेळ संपल्यावर माझ्याकडे न बघता घरी गेला. शनिवारी सकाळी मी चिकूच्या पेट्यांमागे उभा होतो. रांगेत पहिली जमनाबाईच होती. तिने टोपली ठेवली आणि विचारलं, "बाबू, खेल कसा हाय?" सदाने काट्यावरची नजर काढली. आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "चांगला आहे," तो म्हणाला. मग त्याला वजन पुन्हा करावं लागलं.

जमनाबाईच्या नवऱ्याची होडी आदल्या दिवशी यायची होती. ती आली नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. बायका ते बोलत नाहीत. होडी लांबली तर नरपडात कुणी रडत नाही, माणसाचं नाव घेत नाही, रोजची कामं रोजच्यासारखी होतात, शनिवारचा खेळही चुकवत नाहीत. मला हे नंतर कळलं.

संध्याकाळी तंबूत बायका पुढे वाळूवर बसल्या होत्या. पडद्यावर वादळ सुटलं. नायिका किनाऱ्यावर धावत आली, नवऱ्याच्या नावाने हंबरडा फोडू लागली, दगडावर हात आपटून बांगड्या फोडू लागली. माझ्या सगळ्या लिखाणात मला याच प्रसंगाचं सगळ्यांत जास्त कौतुक होतं. पडद्यावर एक सावली उभी राहिली. जमनाबाई उठली होती. "बंद करा!" ती ओरडली. "जित्या माणसाला रडता? बांगड्या फोडता?" तिच्यामागे सगळ्या बायका उठल्या. बाहेर पडताना एकीने मला दबक्या आवाजात होडीचं सांगितलं आणि मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर सदा मान खाली घालून बसला होता.

रविवारची दुपार होईपर्यंत मी किनाऱ्यावर बसून होतो. दुपारी होडी आली. डोलकाठी मोडली होती, पण माणसं धडधाकट होती. मी देवापुढे साखर ठेवली आणि मनात म्हटलं, सुटलो.

पण सदा सुटला नाही. पुढच्या शनिवारी त्याने जमनाबाईला आपणहून खेळाबद्दल काही सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "वजन सांग, बाबू. खेलाचं राहू दे." त्यानंतर सहा वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. तो मात्र दर शुक्रवारी त्याच बाकावर बसायचा. त्याने मला कधी बोल लावला नाही, आणि मी त्या बायकांपुढे तोंड उघडलं नाही. रोज संध्याकाळी आम्ही पावसापाण्याच्या गप्पा मारत राहिलो... भित्रा होतो मी, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात तंबूवाल्याने माझा चित्रपट पुन्हा मागवला. शनिवारी मी पार्सल ऑफिसात गेलो. खिडकीत नवा क्लार्क होता, काटा तोच. जमनाबाईने टोपली ठेवली आणि मला पाहिलं.

"जमनाबाई, तो खेळ बघू नका," मी म्हणालो. "खोटा आहे. तेव्हाही खोटाच होता. सदाला चांगला म्हणायला मी लावलं होतं."

तिने काट्याच्या कडेवर हात टेकला.

"बाबू कदी बोलला नाय," ती म्हणाली. "आन आता तुमी बोलता, तर ऐकायला तो नाय."

नव्या क्लार्कने वजन सांगितलं. पण जमनाबाईचा हात काट्यावरच राहिला होता. त्याला वजन पुन्हा करावं लागलं.